आधी पाणी, मग राज्य

ज्या भूमीवर कोणी कधी पाऊल ठेवलेले नाही, तिचाही नकाशा काढता येतो. मात्र तो नीट काढायचा असेल, तर त्या भूमीतील नद्यांना उगम द्यावा लागतो, डोंगरांवर पाऊस पाडावा लागतो आणि गावांना पोटापाण्याची सोय लावून द्यावी लागते. कादंबरीकार, खेळांचे रचनाकार आणि निव्वळ हौसेने जग रचणारे तरुण आज अशा कल्पित भूमींचे नकाशे संगणकावर तयार करतात. त्यासाठी ‘इंकार्नेट’, ‘वंडरड्राफ्ट’ यांसारखी खास सॉफ्टवेअर उपलब्ध आहेत, ‘अझगार्स फँटसी मॅप जनरेटर’सारखे मुक्त आणि विनामूल्य साधनही आहे. ही साधने हाताळायला शिकणे म्हणजे कल्पनेला मोकळे रान देणे, असा सर्वसाधारण समज आढळतो. प्रत्यक्षात हे शिक्षण कल्पनेला कार्यकारणभावाची शिस्त लावते, आणि सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण मुलखात वाढलेल्या माणसाकडे या शिस्तीची पूर्वतयारी आधीच झालेली असते, कारण भूमीवर पाणी कुठून येते आणि का येत नाही, हा प्रश्न त्याला पुस्तकातून शिकावा लागत नाही.

कल्पित भूगोलाची ही वृत्ती नवी नाही. पुराणांतील सप्तद्वीपांच्या कल्पनेत जंबुद्वीपाभोवती खारा समुद्र, त्याभोवती प्लक्षद्वीप, त्याभोवती उसाच्या रसाचा समुद्र, अशी एकाआड एक वलये मांडलेली आहेत आणि प्रत्येक पुढचे द्वीप मागच्याच्या दुप्पट विस्ताराचे मानले आहे. म्हणजे दुधातुपाच्या समुद्रांची कल्पना करतानाही प्रमाण सुटलेले नाही. युरोपात टॉमस मोर यांच्या ‘युटोपिया’च्या १५१६मधील पहिल्या आवृत्तीत त्या कल्पित बेटाचे चित्र छापले गेले, तर रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांनी १८८१मध्ये आधी एका बेटाचा नकाशा रंगवला आणि त्यातून १८८३मध्ये पुस्तकरूपाने आलेली ‘ट्रेझर आयलंड’ ही कादंबरी उगवली. जे. आर. आर. टॉल्किन यांच्या ‘द हॉबिट’मध्ये १९३७ साली दोन नकाशे होते, आणि १९५४-५५मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे नकाशे त्यांचे चिरंजीव ख्रिस्तोफर यांनी रेखाटले. स्टीव्हन्सन आणि टॉल्किन यांच्या बाबतीत नकाशा हा कथेचा अलंकार म्हणून मागाहून आलेला नाही. किती अंतर किती दिवसांत कापले जाईल, कोणती खिंड ओलांडावी लागेल, याची बंधने त्यानेच कथेवर घातली आहेत.

सोलापूरच्या भूमीवर तर कल्पित आणि प्रत्यक्ष भूगोल एकमेकांवर मांडण्याचे काम आठ शतकांहून अधिक काळापूर्वी झाले आहे. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वर यांनी त्या वेळच्या सोन्नलगी या गावात तळे खोदविले, मंदिर उभारले आणि गावाभोवतीच्या परिसरात अडुसष्ट शिवलिंगांची स्थापना केली. श्रीशैलाच्या मल्लिकार्जुनावरील त्यांच्या भक्तीमुळे या स्थानाला अभिनव श्रीशैल, म्हणजे नवे श्रीशैल, अशी ओळख मिळाली आणि कृष्णेच्या काठावरील दूरचे डोंगरी क्षेत्र दख्खनच्या सपाट माळावर अवतरले. आजही मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज या अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात, आणि हजारो माणसे एका भावविश्वाची सीमारेषा शहराच्या रस्त्यांवरून पायांनी आखतात. कागदावर न काढलेला हा नकाशा इतकी शतके टिकला, त्याचे एक कारण असे दिसते की त्याच्या केंद्रस्थानी तळे आहे. ज्याने ही पवित्र भूमी कल्पिली, त्याने तिच्यासाठी आधी पाणी साठविले.

संगणकावर नकाशा काढायला शिकताना पहिली ओळख होते ती प्रतिमा साठविण्याच्या दोन पद्धतींची. पहिल्या पद्धतीत सारे चित्र बारीक चौकटींच्या जाळ्यात विभागलेले असते आणि प्रत्येक चौकटीला एक रंग किंवा एक अंक दिलेला असतो. तिला रास्टर म्हणतात. दुसऱ्या पद्धतीत बिंदू, त्यांना जोडणाऱ्या रेषा आणि रेषांनी वेढलेली क्षेत्रे साठविली जातात. तिला व्हेक्टर म्हणतात, आणि ती कितीही मोठी केली तरी रेषेची धार बोथट होत नाही. यांपैकी पहिली पद्धत सोलापूरच्या माणसाला परकी वाटण्याचे कारण नाही. सोलापुरी चादरीवरील नक्षी परंपरेने आधी आलेख-कागदावर उतरवली जाते. त्यातील उभी ओळ म्हणजे ताण्याचा धागा, आडवी ओळ म्हणजे बाण्याचा धागा, आणि कोणती चौकट भरायची व कोणती रिकामी ठेवायची यावरून जकार्ड यंत्राच्या पुठ्ठ्यांना भोके पाडली जातात. जोसेफ मारी जकार्ड यांनी १८०४च्या सुमारास सिद्ध केलेल्या या यंत्रात भोक असेल तिथे धागा उचलला जातो आणि नसेल तिथे खाली राहतो. होय आणि नाही या दोनच उत्तरांतून मोर, फुले आणि मंदिराची शिखरे विणली जातात. चौकटीचौकटीने विचार करण्याची ही सवय ज्या शहराच्या मागांवर पिढ्यान्‌पिढ्या मुरली आहे, तेथील विद्यार्थ्याला रास्टर समजावून सांगायला वेगळी उपमा शोधावी लागत नाही.

या चौकटींच्या जाळ्यावरच कल्पित भूमीचा पाया घातला जातो. उंचीचा नकाशा म्हणजे अशी करडी प्रतिमा, जिच्यात काळा रंग सर्वांत सखल आणि पांढरा रंग सर्वांत उंच जागा दाखवतो. साध्या प्रतिमेत करड्या रंगाच्या २५६ छटा मावतात. म्हणून कल्पित भूमीतील सर्वोच्च शिखर ५,१२० मीटरांचे धरले, तर प्रत्येक छटा २० मीटरांची पायरी ठरते आणि त्याहून लहान चढउतार पुसले जातात. हिमाच्छादित पर्वतांच्या देशात ही उणीव लपून जाते, परंतु सोलापूरसारख्या मंद उताराच्या पठारावर, जिथे काही मीटरांच्या फरकावरून ओढ्याची दिशा ठरते, तिथे सारी भूमी कृत्रिम पायऱ्यांची होऊन बसते. यावर उपाय म्हणून ६५,५३६ छटांची प्रतिमा वापरतात. तीत तीच पायरी सुमारे आठ सेंटिमीटरांवर येते. सपाट दिसणारी जमीन दाखवायला डोंगराहून अधिक सूक्ष्म मोजणी लागते, हा या अभ्यासातील पहिला धडा आहे, आणि तो माळरानाकडे पाहण्याची दृष्टीच बदलतो.

उंचसखलपणा हाताने रंगवता येतो किंवा गणिताकडून करवून घेता येतो. अमेरिकेतील संगणकतज्ज्ञ केन पर्लिन यांनी १९८३मध्ये एक रीत शोधली, जिच्यात यादृच्छिक अंक असे मिसळले जातात की शेजारच्या जागांची मूल्ये एकमेकांना धरून राहतात आणि निसर्गातील खडबडीतपणाचा भास होतो. ‘पर्लिन नॉइज’ या नावाने ती ओळखली जाते. तिच्यातून डोंगर सहज उगवतात, परंतु त्यांना इतिहास नसतो. सह्याद्रीला इतिहास आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरून दख्खनचे पठार तयार झाले. त्याची पश्चिम कड म्हणजे सह्याद्री, आणि म्हणूनच कोकणातून पाहणाऱ्याला जी उभी भिंत दिसते, ती देशावरून जाणाऱ्याला क्वचितच तशी दिसते. सपाट माथे, कड्यांच्या पायऱ्या आणि पूर्वेकडे हळूहळू उतरत जाणारी भूमी हे रूप गणिती खडबडीतपणातून आपोआप निघत नाही. ते काढणाऱ्याला आपली भूमी कशी घडली हे आधी ठरवावे लागते, आणि तेव्हाच नकाशातील प्रत्येक डोंगराला तिथे असण्याचे कारण मिळते.

डोंगरांनंतर वारे येतात. चांगल्या साधनांत वाऱ्याची दिशा ठरवता येते; बाष्प घेऊन निघालेला वारा डोंगरावर चढताना थंड होतो, पाऊस टाकतो आणि पलीकडे कोरडा होऊन उतरतो, हा क्रम संगणक चौकटीचौकटीने मोजतो. डोंगराच्या पाठीमागील अशा कोरड्या पट्ट्याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, तर सोलापुरात सातशेच्या आसपास. आणि विशेष म्हणजे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील सांगोला, माळशिरस या तालुक्यांत, सह्याद्रीच्या अधिक जवळ असूनही, तो पूर्वेकडील बार्शी-अक्कलकोटपेक्षा कमी असतो. समुद्राच्या दिशेने जावे तसा पाऊस वाढत जाईल, असा सरळ समज येथे कोसळतो. ज्याने सोलापूरचा पाऊस समजून घेतला आहे, तो कल्पित राज्याच्या वाळवंटाला कारणाशिवाय कुठेही पसरू देणार नाही. तो आधी विचारेल की वारा कोणत्या बाजूने येतो आणि त्याच्या वाटेत कोण उभे आहे.

नवशिक्यांच्या नकाशांत सर्वाधिक चुका नद्यांच्या होतात. एकाच सरोवरातून तीन बाजूंना तीन नद्या निघतात, एक नदी समुद्रापासून समुद्रापर्यंत देश कापत जाते, किंवा वाहता वाहता कारणाशिवाय तिला फाटे फुटतात. निसर्गाचा नियम साधा आहे: पाणी उताराने जाते, प्रवाह एकमेकांना मिळत जातात, आणि मुखाजवळच्या त्रिभुज प्रदेशासारखे अपवाद सोडले, तर ते सहसा विभागत नाहीत. भीमेचे खोरे हा या नियमाचा उत्तम वस्तुपाठ आहे. अरबी समुद्रापासून शंभर किलोमीटरांच्या आत भीमाशंकरपाशी उगम पावणारी ही नदी त्या समुद्राकडे पाठ फिरवते, कारण सह्याद्रीची धार हा तिचा जलविभाजक आहे, म्हणजे पाण्याच्या दोन दिशा वेगळ्या करणारी रेषा. ८६१ किलोमीटर वाहून ती कृष्णेला मिळते आणि तिचे पाणी बंगालच्या उपसागरात पोचते. वाटेत नरसिंगपूरला नीरा तिला मिळते, पुढे माण मिळते, आणि हत्तरसंग-कुडल येथे सीना येऊन मिळते. पंढरपूरला ती चंद्रकोरीसारखे वळण घेते आणि चंद्रभागा म्हणवते. हे सारे संगम जोडणारे आहेत. सोलापूर हा एकच जिल्हा डोळ्यांपुढे ठेवला, तरी कल्पित नद्यांतील बहुतेक दोष टाळता येतात.

पाऊस आणि तापमान यांवरून सॉफ्टवेअर वनस्पतींचे पट्टे ठरवते: इथे घनदाट अरण्य, तिथे गवताळ प्रदेश, पलीकडे ओसाड. ही रीत उपयुक्त आहे, पण अपुरी आहे, आणि तिची अपूर्णता मंगळवेढ्याच्या शिवारात स्पष्ट दिसते. बेसाल्टच्या झिजेतून बनलेली तेथील खोल काळी माती परतीच्या पावसाचे पाणी पोटात धरून ठेवते, आणि त्या ओलीवर थंडीच्या दिवसांत रब्बीची ज्वारी उभी राहते. केवळ पावसाचा आकडा पाहणाऱ्या यंत्राला जिथे कोरडा माळ दिसतो, तिथे प्रत्यक्षात ज्वारीचे कोठार आहे. कल्पित भूमीला म्हणून मातीचाही एक थर द्यावा लागतो. थर म्हणजे लेयर: नद्या, रस्ते, माती, सीमा ही माहिती वेगवेगळ्या पारदर्शक पानांवर ठेवून ती एकमेकांवर मांडण्याची सोय, जिच्यामुळे एक गोष्ट बदलली तर दुसरीवर काय परिणाम होतो हे तपासता येते.

कोठाराचा विषय येथेच संपत नाही. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बहामनी सत्तेची धान्याची कोठारे भुकेलेल्या लोकांसाठी खुली केली, ही कथा महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. कल्पित राज्यांच्या नकाशांत राजवाडे असतात, बुरूज असतात, रणभूमी असते, दैत्यांची गुहाही असते. कोठार मात्र बहुधा नसते, आणि म्हणून त्या राज्यात दुष्काळ पडला तर लोक काय खातील, या प्रश्नाला नकाशाकडे उत्तर नसते. सोलापूरच्या माणसाने काढलेल्या नकाशात हे उत्तर असायला हवे. किल्ला आणि पाणी यांची सांगड कशी असते हेही त्याला दूर शोधावे लागत नाही: शहरातील भुईकोटाला दुहेरी तट आणि खंदक आहे, तर जवळच्या नळदुर्गात बोरी नदीवरील बांध आणि त्याच्या पोटातील पाणीमहाल हे किल्ल्याचेच अंग आहे.

वस्त्या कुठे ठेवायच्या हे ठरविताना प्रमाणाचा प्रश्न येतो, म्हणजे कागदावरील एक सेंटिमीटर भूमीवरील किती अंतर दाखवते, हा. अंतर किलोमीटरांत लिहिले तरी कल्पित जगातील माणसे ते दिवसांत मोजतात. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी असे मुक्काम करीत पंढरपूरला पोचते, आणि या मुक्कामांमधील अंतर साधारणपणे दहा ते वीस किलोमीटरांचे असते. लहानथोर, म्हातारीकोतारी बरोबर घेऊन चालणारा समुदाय दिवसाला किती चालतो, पाण्याची सोय कुठे होते, रात्रीचा तळ कुठे पडतो, याचा जणू जुना आलेखच या वाटेवर मांडलेला आहे. कल्पित राज्यातील गावे याच हिशेबाने मांडली, तर त्यांच्यातील रस्ते चालण्याजोगे होतात. एरवी ते केवळ रेषा राहतात.

भूमी तयार झाली की तिला नावे द्यावी लागतात. काही साधने दिलेल्या नावांतील अक्षरक्रम अभ्यासून त्याच वळणाची नवी नावे घडवतात. कोणत्या अक्षरामागे कोणते अक्षर येण्याची शक्यता किती, यावर चालणाऱ्या या पद्धतीला मार्कोव्ह साखळी म्हणतात. नावांना इतिहास असतो ही गोष्ट मात्र वापरणाऱ्याने ध्यानात ठेवावी लागते. माढा, बार्शीकडे ‘गाव’ आणि ‘वाडी’ यांनी संपणारी नावे भेटत राहतात. अक्कलकोट तालुक्यात मैंदर्गी, करजगी, नागणसूर ही नावे कन्नडची जवळीक सांगतात. आणि शहराच्या पूर्व भागात तेलुगूभाषक पद्मशाली विणकरांनी आपली बोली मागांबरोबर आणून रुजविली आहे. या तीन भाषांमध्ये कोणी एक ठळक रेघ ओढू शकत नाही, कारण एकाच घरात दोन आणि एकाच गल्लीत तिन्ही नांदतात. कल्पित जगाच्या नकाशांत मात्र प्रत्येक जमातीला एक रंग आणि प्रत्येक रंगाला एक कुंपण दिले जाते. सोलापूरचा अनुभव असा की सरहद्दीवरचा मुलूख रंगांच्या मिश्रणाचा असतो, आणि तो तसा दाखवायला अधिक कौशल्य आणि अधिक प्रामाणिकपणा लागतो.

देवनागरीत नकाशा लिहिणे हा एक स्वतंत्र अभ्यास आहे. रोमन लिपीतील नकाशांत मोठ्या प्रदेशाचे नाव अक्षरे दूरदूर ठेवून पसरवतात आणि नदीचे नाव तिच्या वळणाबरोबर वळवतात. देवनागरीत अक्षरे दूर केली की शिरोरेखा तुटते, आणि वळणावर बसवली की ती जागोजागी मोडते. काही साधनांत तर जोडाक्षरे सुटतात आणि वेलांट्या भलतीकडे जातात. म्हणून प्रदेशाचे महत्त्व अक्षरांतील अंतराऐवजी आकाराने, जाडीने वा रंगाने दाखवावे लागते, नदीचे नाव तिच्या सरळ भागापाशी ठेवावे लागते, किंवा इंकस्केपसारख्या मुक्त साधनात मजकूर वेगळा सिद्ध करून शिरोरेखा हाताने सांधावी लागते. चिन्हांचेही असेच आहे. या साधनांबरोबर मिळणारी तयार चिन्हे बहुतेक टोकदार हिमशिखरांची, सूचिपर्णी वृक्षांची आणि युरोपीय गढ्यांची असतात. त्यांत बारव नसते, वेस नसते, बाभूळ नसते, सपाट माथ्याचा डोंगर नसतो. ती शिकणाऱ्याने स्वतः रेखाटावीत. उसन्या चिन्हांनी काढलेला देश कितीही सुबक असला, तरी तो दुसऱ्या कोणाच्या बालपणातून आलेला असतो, आणि मराठी कल्पनेने आपल्या भूमीवाचून पोरके राहण्याचे काहीच कारण नाही.

या विद्येचे खरे फलित कल्पित देशात शोधू नये. फेब्रुवारी २०००मध्ये अवकाशयानातून झालेल्या रडार-मोजणीमुळे पृथ्वीच्या बहुतांश भूभागाची उंची सुमारे ३० मीटरांच्या चौकटींत आज विनामूल्य मिळते, इस्रोच्या ‘भुवन’ या संकेतस्थळावरून भारताची भूविषयक माहिती पाहता येते, आणि ‘क्यूजीआयएस’ हे मुक्त सॉफ्टवेअर ती हाताळू देते. ज्याने कल्पित भूमीवर पाऊस पाडून पाहिला आहे, तो याच साधनांत आपल्या तालुक्याची उंची मांडून ओढे कुठून वाहतात, कोणत्या वाटा बुजल्या, नवी वस्ती कोणत्या नाल्याच्या पोटात उभी राहिली, हे विचारू लागतो. महाराष्ट्रात तिसरीच्या मुलांना परिसर अभ्यासाच्या पुस्तकातून आपल्या जिल्ह्याची ओळख करून दिली जाते, आणि तेथे तालुके व नद्या ही पाठ करण्याची नावे ठरण्याचा धोका असतो. त्याच मुलाला एक कोरा जिल्हा देऊन त्यात डोंगर, वारा, नदी, माती आणि गाव या क्रमाने मांडायला सांगितले, तर भीमेवरील उजनीचे धरण जिथे आहे तिथेच का आहे, हिप्परग्याचा तलाव शहरासाठी काय करीत आला, हे प्रश्न त्याचे स्वतःचे होतील.

उजनीच्या पाण्यावरून शेती, शहर, कारखाने आणि खालच्या अंगाची गावे यांच्यात जो ताण असतो, तो समजून घ्यायला नागरिकाला पाणी कुठून येते आणि कुठे जाते याचे चित्र मनात उभे करता आले पाहिजे. असे चित्र उभे करणे हीच कल्पनाशक्ती, आणि तिला कारणांची जोड देणे हाच भूगोल. कल्पित नकाशा या दोहोंचा एकत्र सराव घडवतो, तोही जिथे चूक झाल्यास कोणाचे शेत बुडत नाही आणि कोणाची तहान वाढत नाही अशा ठिकाणी. म्हणून त्याला रिकाम्या वेळेचा खेळ समजून बाजूला सारणे योग्य नाही. राज्ये, राजघराणी आणि युद्धे मागाहून कितीही रचता येतात. आधी पाण्याची वाट ठरवावी लागते, हा क्रम पडद्यावर ज्याच्या बोटांच्या अंगवळणी पडला, तो प्रत्यक्ष भूमीविषयी निर्णय घेण्याची वेळ आली तरी तो उलटा करणार नाही, अशी आशा धरायला आधार आहे.